भिंतीला चीर पडली, ती कोणत्या संरचनेत?

प्रश्न : आमच्या घरात एकच शब्द सगळे वेगवेगळ्या तऱ्हेने वापरतात. भाऊ सिव्हिलचा डिप्लोमा करतो, त्याला ‘स्ट्रक्चर’ हा विषय आहे. मी बी.एस्सी.ला आहे; रसायनशास्त्रात रेणूंची संरचना शिकते आणि भूशास्त्रात खडकांची. काकू समाजशास्त्र शिकवतात, त्यांच्या तोंडी सामाजिक संरचना असते. आणि परवा बाबांना कोणी सांगितले, ‘तुमच्या जमिनीचा पोत चांगला आहे, पण संरचना बिघडली.’ हा एकच शब्द आहे की एकाच नावाचे चार-पाच निरनिराळे शब्द? आणि पोत चांगला असताना संरचना बिघडते कशी?
– एक वाचक, सावनेर (जि. नागपूर)

उत्तर : तुमच्या घरातल्या बहुतेकांना एकाच चिरेपाशी उभे करता येईल. काळ्या मातीवर बांधलेल्या घराच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी निघालेली चीर सावनेरच्या बाजूला पुष्कळांनी पाहिली असेल. मे महिन्यात ती रुंदावते, पावसाळ्यात मिटल्यासारखी होते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

तुमचा भाऊ ती चीर बघून भाराचा हिशेब मांडेल. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा पायावर आणि पायाचा जमिनीवर, अशी वजनाची वाट असते. इंजिनिअरच्या भाषेत ती वाट म्हणजे संरचना. आर.सी.सी.च्या घरात बीम-कॉलमच्या चौकटीतली विटांची भिंत या संरचनेत मोजली जात नाही. ती नुसती भरलेली असते, पाडली तरी घर उभे राहते. जुन्या, मातीच्या जाड भिंतींच्या घरात मात्र भिंतच भार वाहते. वस्तू तीच, भिंत. पण एका घरात ती संरचनेचा भाग आहे आणि दुसऱ्या घरात नाही. म्हणून कोणतीही भिंत पाडण्याआधी तिच्यावर काय टेकले आहे हे विचारावे लागते.

भाऊ पुढे म्हणेल की दोष वर नाही, पायाखाली आहे. उन्हाळ्यात घराच्या कडेची माती वाळून आकसते आणि कडा खचतात. घराच्या मध्याखालची माती ओलसर राहते म्हणून मधला भाग जागेवर राहतो. पावसाळ्यात उलट होते, कडेची माती फुगून पाया उचलते. घर असे दरवर्षी वाकवले गेले की भिंत कोपऱ्यात फाटते. यावर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने बुडाशी फुगीर केलेले पाइल विकसित केले. साधारण ३.५ मीटर खाली ऋतूंचा परिणाम फारसा पोहोचत नाही. तिथे बूड रोवून घर वरच्या हलत्या मातीपासून सोडवून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. साध्या बांधकामात लोक काळी माती उपसून मुरूम भरतात, तोही त्याच दिशेचा उपाय.

आता बाबांना ज्याने सल्ला दिला, त्याला बोलवू. मातीत वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे प्रमाण किती, हा तिचा पोत. ते प्रमाण शेतकऱ्याच्या हातात नाही. हे कण एकमेकांना धरून कसे बसले आहेत, त्यांचे रवाळ दाणे झाले आहेत की घट्ट ढेकळे, दाण्यांच्या मधे हवा-पाण्याला जागा आहे की नाही, ही मातीची संरचना. शेतीच्या पुस्तकांत तिला कणरचनाही म्हणतात. खोल काळ्या मातीत उन्हाळ्यात खड्डा घेतला तर खाली पाचरीच्या आकाराची ढेकळे मिळतात आणि त्यांच्या बाजू घासून चकचकीत झालेल्या असतात. दरवर्षी फुगताना मातीचे तुकडे एकमेकांवर सरकतात, त्याची ती खूण.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. कण तेच राहतात आणि त्यांचे एकमेकांना धरून राहणे मोडते. वाफसा नसताना, म्हणजे माती ओलीचिंब असताना, ट्रॅक्टर घातला की चाकाखाली दाणे चिरडतात आणि खाली कडक थर बसतो. प्रयोगशाळेत त्या मातीचा पोत तपासला तर पूर्वीइतकाच चांगला निघेल. पऱ्हाटीच्या मुळाला मात्र त्या थरातून वाट मिळणार नाही.

पण काळी माती एवढी का फुगते? याचे उत्तर तुमच्या रसायनशास्त्रात आहे. तिच्यातल्या चिकणमातीत स्मेक्टाइट गटाची खनिजे भरपूर असतात; मॉन्टमोरिलोनाइट हे त्यांतले प्रसिद्ध नाव. या खनिजाचा एकेक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा असतो : दोन बाजूंना सिलिकाचे थर आणि मधे ॲल्युमिनियमचा. असे पापुद्रे घडीच्या पोळीच्या पदरांसारखे एकावर एक असतात आणि त्यांना एकत्र धरणारे बल दुबळे असते, त्यामुळे पाणी मधे शिरते आणि पदर दूर होतात. कोकणच्या तांबड्या मातीत भरपूर असणाऱ्या केओलिनाइटमध्येही सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच आहेत; पण त्याचे पदर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरतात, पाण्याला आत येऊ देत नाहीत. म्हणून ती माती अशी फाटत नाही. मॉन्टमोरिलोनाइटची ही ठेवण १९३३ साली क्ष-किरणांच्या आधारे मांडली गेली. शेतकऱ्याला भेगा हजारो वर्षे ठाऊक होत्या. त्या का पडतात, हे अणूंच्या मांडणीपर्यंत उतरल्यावर कळले.

तर चीर एक आणि संरचना तीन : खनिजाची, मातीची, इमारतीची. तिघेही तज्ज्ञ बरोबर आहेत आणि कोणाचाही शब्द दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. रसायनशास्त्रज्ञ अणूला तुकडा मानतो आणि अणूंच्या जोडणीला संरचना म्हणतो. त्या जोडणीतून जे खनिज तयार होते, तो मृदाशास्त्रज्ञाचा तुकडा. माती ज्याच्या दृष्टीने अखंड आधार आहे, तो इंजिनिअर बीम-कॉलमपासून मोजायला लागतो. एकाचे संपूर्ण ते दुसऱ्याचे सुटे, अशी ही चढती पायरी आहे. माझ्या मते शब्द एकच आहे. कोणी ‘संरचना’ म्हटले की दोन गोष्टी विचाराव्यात : सुटा भाग कोणता धरलात, आणि त्या भागांना एकमेकांशी काय बांधते? एवढे विचारले की निम्मा गोंधळ मिटतो.

भूशास्त्राचा अर्थ याहून जरा वेगळा आहे. तिथे संरचना म्हणजे खडक तयार झाल्यानंतर त्याच्यावर जे घडले त्याच्या खुणा : वळ्या, भंग, कललेले थर. सावनेरच्या भूमिगत कोळसा खाणीत काम करणाऱ्या कोणालाही ‘फॉल्ट’ म्हणजे काय ते विचारा. कोळशाचा थर सरळ चाललेला असतो आणि एकाएकी समोर दगड येतो. थर तुटून वर किंवा खाली सरकलेला असतो. कोळसा तोच, त्याची प्रत तीच, पण तो कुठे सापडेल हे त्या भंगाने ठरते. तुमच्या तालुक्यातल्याच खाप्याजवळच्या गुमगावच्या मॅंगनीज खाणीतही हाच विषय आहे. तिथले खडक ज्या समूहाचे आहेत त्याला शेजारच्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या सौंसरचे नाव मिळाले आहे. त्यांना इतक्या वळ्या पडल्या आहेत की एकच थर जमिनीवर पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. वळी न ओळखता मोजणाऱ्याला तो एक थर चार वाटेल आणि साठ्याचा सगळा हिशेब चुकेल.

तुमच्या नागपूर जिल्ह्यातच या विषयाचे एक मोठे पान लिहिले गेले आहे आणि नागपूरच्या विद्यार्थ्यांनी ते अभिमानाने वाचावे असे मला वाटते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी रामटेक तालुक्यातल्या देवलापार परिसराचा अभ्यास केला आणि १९३६ साली असे मांडले की इथे खडकांचे अख्खे थर दुरून ढकलले जाऊन दुसऱ्या खडकांवर चढून बसले आहेत. युरोपातल्या आल्प्समध्ये भूशास्त्रज्ञांनी अशी रचना ओळखली होती. नागपूरच्या सपाट भासणाऱ्या मुलखाखाली एका झिजून गेलेल्या पर्वतरांगेची मुळे आहेत, हे त्यातून समोर आले. पुढच्या अभ्यासकांनी या थरांच्या क्रमाचा फेरविचार केला. असा फेरविचार होतो, कारण भूशास्त्रज्ञाची संरचना कोणाला बांधताना दिसलेली नसते. उरलेल्या खुणांवरून ती जुळवावी लागते.

कोळसा खाणीत भूशास्त्रज्ञाच्या आणि इंजिनिअरच्या अर्थांची गाठ पडते. बोर्ड अँड पिलर पद्धतीत कोळसा काढताना गॅलऱ्या खणत जातात आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. छत तोलणारी ही संरचना कोणी उभारलेली नाही, ती न खणल्यामुळे उरलेली आहे. खाण जितकी खोल तितके खांब जाड ठेवावे लागतात, आणि त्यांची मापे खाण सुरक्षा नियमांत ठरवून दिलेली असतात. भंग कुठून गेला हे भूशास्त्रज्ञाने सांगितले नाही, तर इंजिनिअरने आखलेला खांब नेमका कच्च्या जागी येऊ शकतो. इथे शब्दाचा अर्थ नीट कळण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

भाषेची संरचना तर तुम्ही रोज बोलता. सावनेरात कोणी म्हणाले, ‘तो गावाले जाऊन राहिला,’ तर तो आत्ता वाटेवर आहे, हे सगळ्यांना कळते. पुण्याच्या माणसाला ‘तो गावाला जाऊन राहिला’ ऐकून वाटते की तो गावी गेला आणि तिथेच मुक्काम केला. शब्द जवळजवळ तेच, क्रमही तोच. मग फरक कुठे पडला? पुण्याच्या वाक्यात ‘राहिला’ हे स्वतंत्र क्रियापद आहे, त्याला राहण्याचा स्वतःचा अर्थ आहे. नागपुरी बोलीत तेच ‘राहिला’ आपला अर्थ सोडून काळ दाखवायला उभे राहते, हिंदीतल्या ‘जा रहा है’च्या शेजारी. ‘काय करून राहिला?’ या प्रश्नात राहणे कुठेच नाही. यालाच वाक्याची संरचना म्हणतात : शब्दांची यादी सांगून जे सांगता येत नाही ते. वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्या मुलांना शाळेत हे वाक्य अशुद्ध म्हणून खोडून मिळते, हे मला खुपते. ती चूक नव्हे. तिचे नियम काटेकोर आहेत आणि त्या बोलीत वाढलेले पोरही ते पाळते.

भाषेकडे असे संबंधांचे जाळे म्हणून बघायला शिकवणाऱ्यांत स्वित्झर्लंडचे फर्दिनांद द सोस्यूर अग्रणी. त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून निघाले. ते स्वतः ‘व्यवस्था’ हा शब्द जास्त वापरत; ‘संरचना’ हा शब्द पुढच्या लोकांनी गाजवला.

काकूंच्या विषयात मात्र खरा वाद आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली सांगितले की माणसामाणसांत प्रत्यक्ष असलेल्या संबंधांचे जाळे म्हणजे सामाजिक संरचना. जाऊन बघा, दिसेल. फ्रान्सचे लेव्ही-स्ट्रॉस यांना ते पटले नाही. त्यांच्या मते संरचना म्हणजे ते संबंध समजून घेण्यासाठी अभ्यासकाने तयार केलेला नमुना; ती गावात फिरून सापडत नाही. इरावती कर्वे यांचे भारतातल्या नातेसंबंधांवरचे इंग्रजी पुस्तक १९५३ साली आले, ते वाचताना मला दोघांचेही थोडे थोडे पटते. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचे, आणि मधल्या महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी चालते, असा नकाशा त्यांनी मांडला. मामेबहिणीशी लग्न ठरवणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यात हा नकाशा नसतो. तरीही घराघरांतले निर्णय एकत्र मांडले की तो उमटतो. मध्य प्रदेशची हद्द तुमच्या गावापासून जवळ आहे. दोन्हीकडच्या सोयरिकी जिने जुळवल्या, त्या आजीला विचारा, ती नियम सांगेल.

पण मराठीत सामाजिक संरचनेचे सगळ्यात धारदार वर्णन या विद्वानांच्या आधीच झाले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटले : एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मजल्यावरून त्या मजल्यावर जायला शिडीच नाही, ज्या मजल्यावर जन्मायचे त्याच मजल्यावर मरायचे. खालच्या मजल्यावरचा माणूस कितीही लायक असो, त्याला वर वाट नाही. वरचा कितीही नालायक असो, त्याला कोणी खाली लोटत नाही. इमारतीच्या शब्दांत समाज सांगताना बाबासाहेबांनी नेमके बोट ठेवले ते मजल्यांच्या मधल्या संबंधावर. माणसे बदलली, पिढ्या बदलल्या, तरी शिडी नसणे तसेच राहते. म्हणून एखाद्या मजल्यावरची माणसे चांगली वागू लागली एवढ्याने भागत नाही. सामाजिक संरचना हा शब्द परीक्षेत लिहिताना हा मनोरा आठवा. व्याख्या पाठ करण्यापेक्षा तो जास्त शिकवतो.

गणिताचा उल्लेख तुम्ही केला नाही, पण या शब्दाचा सगळ्यात स्वच्छ अर्थ तिथे आहे. घड्याळात १० वाजल्यानंतर ५ तासांनी ३ वाजतात. पौषानंतर पाचवा महिना ज्येष्ठ, म्हणजे चैत्रापासून मोजला तर दहाव्यात पाच मिळवून तिसरा. तास आणि महिने यांत साम्य काहीच नाही, तरी बेरीज दोन्हीकडे एकसारखी चालते. गणिती म्हणतो, या दोघांची संरचना एक. (अधिक मासाचे वर्ष आले की ही संगती तुटते, म्हणून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.) १९३०च्या दशकात बूर्बाकी या सामूहिक नावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांनी सगळे गणित या कल्पनेवर नव्याने मांडायला घेतले. तुकडे कशाचे आहेत हे पूर्ण विसरून जायचे आणि संबंध तेवढा ठेवायचा, इथपर्यंत ते गेले.

रोजच्या व्यवहारात शब्द सैल होतो. त्यासाठी एक कसोटी हाताशी ठेवा : एक भाग बदलला तर बाकीच्यांना बदलावे लागते का? सॅलरी स्ट्रक्चरमध्ये मूळ वेतन वाढले की महागाई भत्ता, घरभाडे आणि भविष्य निर्वाह निधी, सगळे हलतात. ती खरी संरचना. फी स्ट्रक्चर म्हणून कॉलेजच्या फलकावर लागते, त्यात ग्रंथालयाची फी वाढल्याने प्रयोगशाळेची वाढत नाही. ते दरपत्रक आहे. भूशास्त्राला ही कसोटी नीट लागू पडत नाही, तिथला अर्थ इतिहासाचा आहे, हे वर आलेच.

उत्तरपत्रिकेत मराठी शब्द कोणता लिहावा, असे तुम्हाला वाटत असेल. मराठीत त्यासाठी पूर्वापार वेगवेगळे शब्द आहेत : इमारतीची बांधणी, दागिन्याची घडण, चेहऱ्याची ठेवण, वाक्याची रचना. परिभाषा म्हणून ‘संरचना’ लिहा, पण पुढच्याच वाक्यात ती कशाची आणि कोणत्या संबंधाने, हे सांगा.

बाबांसाठी एक तपासणी घरच्या घरी होते. शेतातले लिंबाएवढे ढेकूळ सावलीत पूर्ण वाळवून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा. दहा मिनिटे ते बऱ्यापैकी अखंड राहिले, तर संरचना टिकून आहे. लगेच विरघळून बुडाशी पसरले, तर दाणे धरून ठेवणारा सेंद्रिय अंश कमी झाला आहे : शेणखत, हिरवळीचे खत, पिकाचे अवशेष न जाळता जमिनीत मिसळणे आणि वाफसा आल्याशिवाय यंत्र न घालणे, हे तीन-चार हंगाम नेमाने करावे लागेल. पाणी बराच वेळ गढूळच राहिले, तर मातीत सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे. तेव्हा आधी माती परीक्षण करून घ्यावे आणि जिप्सम लागते का, लागले तर किती, ते अहवाल पाहून ठरवावे. ढेकूळ बांधाजवळचे घेऊ नका, तिथे यंत्र कमी फिरते. वावराच्या मधले आणि जिथे ट्रॅक्टर वळतो तिथले, अशी दोन घ्या आणि दोन पेल्यांत शेजारी ठेवून बघा.